नाक न दाबता : लहान लेकराला कडू औषध कसे पाजावे



‘नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. थकलेली उधारी वसूल करताना ती कामी येत असेल. पण दोन वर्षांच्या लेकराला औषध पाजताना ही म्हण शब्दशः अमलात आणली जाते, आणि तिथे ती घात करते. एकीने हात धरायचे, दुसरीने पाय, तिसरीने नाक दाबायचे, आणि लेकराने श्वासासाठी तोंड उघडले की चमचा आत रिकामा करायचा. आपल्यापैकी पुष्कळांच्या आयांनी आणि आज्यांनी आपल्याला असेच औषध पाजले असेल. डोंगरातल्या पाड्यांवर आजही असेच चालते, आणि शहरातल्या फ्लॅटमध्येही फार वेगळे चालत नाही.

आपल्या देणग्यांतून आणि प्रार्थनांतून सातपुड्यात जे आरोग्याचे काम चालते, त्यात सेविकांचा मोठा वेळ याच एका गोष्टीवर जातो: आईला औषध देणे नव्हे, तर आईला औषध पाजायला शिकवणे. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम किरकोळ वाटेल. ते किरकोळ का नाही, आणि ते कसे करतात, हे या लेखात सांगायचे आहे. त्यातले पुष्कळसे आपल्या स्वतःच्या नातवंडांनाही उपयोगी पडेल.

एकशेऐंशी सकाळी

तापाचे औषध दोन-तीन दिवसांचे असते. तेवढ्यापुरती ओढाताण घर सहन करते. पण लहान मुलाचा क्षयरोग, म्हणजे टीबी, बरा व्हायला साधारण 6 महिने लागतात. पहिले 2 महिने चार औषधे, पुढचे 4 महिने तीन औषधे, आणि तीही रोज. हिशेब केला तर सुमारे 180 सकाळी होतात. पहिल्या सकाळी नाक दाबून औषध गेले, तरी पाचव्या सकाळी लेकरू आईच्या हातातली वाटी बघूनच पळते. पंधराव्या सकाळी आई थकते. महिन्याभरात एखादा दिवस चुकतो, मग दोन, मग आठवडा.

यात जोखीम कसली, तर पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हा आजार मोठ्यांपेक्षा लवकर पसरतो. तो मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो किंवा सबंध शरीरात पसरू शकतो. जन्मानंतर टोचलेली बीसीजी लस या गंभीर प्रकारांपासून बरेच संरक्षण देते, पण पूर्ण नाही. आणि उपचार मध्येच तुटत राहिला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग याहून जड औषधे घ्यावी लागतात.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. घरात आजोबांना किंवा वडिलांना फुप्फुसाचा टीबी असेल, तर त्याच घरातल्या पाच वर्षांखालच्या लेकराला तपासतात, आणि आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. ते बहुधा आयसोनियाझिड असते आणि तेही 6 महिने रोज घ्यायचे असते. इथे आईची अडचण आणखी मोठी असते. लेकरू खेळतंय, हसतंय, जेवतंय, मग त्याला रोज रडवायचे कशाला? तिचा प्रश्न रास्त आहे. त्याला ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ एवढे उत्तर पुरत नाही. लेकरू न रडता औषध घेऊ लागले, तर मात्र तो प्रश्नच उरत नाही.

लेकरू का थुंकते

लेकरू हट्टी आहे म्हणून थुंकते असे आपण समजतो. खरे कारण निराळे आहे. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा अधिक तीव्र लागते. रानात कडू ते बहुधा विषारी असते, म्हणून देवाने लेकराच्या जिभेवर जणू राखणदार बसवला आहे. दीड-दोन वर्षांचे मूल चालू लागते, हाताला येईल ते तोंडात घालू लागते, त्याच वयात हा राखणदार सर्वांत कडक असतो. तेव्हा औषध थुंकणारे लेकरू देवाने दिलेल्या शहाणपणाप्रमाणेच वागत असते.

त्याच वयात दुसरी एक गोष्ट घडते. लेकराला ‘नको’ म्हणता येऊ लागते. आपल्या तोंडात काय जाईल एवढ्यावरच त्याची सत्ता चालते, आणि ती ते सहजासहजी सोडत नाही. ही दोन कारणे ध्यानात घेतली की उपायही दोन होतात: चव जिभेवर कमीत कमी रेंगाळू द्यायची, आणि लेकराची सत्ता हिरावून न घेता त्याला तिचा थोडा वाटा द्यायचा.

पूर्वी मोठ्यांच्या गोळ्या मोडून, कुटून मुलांना देत. त्या अतिशय कडू लागत आणि डोसही नीट बसत नसे. 2015 साली मुलांसाठी वेगळ्या, पाण्यात विरघळणाऱ्या, फळाच्या चवीच्या एकत्रित गोळ्या जगापुढे आल्या. आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमातही मुलांना आता अशा विरघळणाऱ्या गोळ्या मोफत मिळतात. डोस वजनावर ठरतो: 4 ते 7 किलोला 1 गोळी, 8 ते 11 किलोला 2, 12 ते 15 किलोला 3 आणि 16 ते 24 किलोला 4. म्हणून दर महिन्याला वजन करावे लागते. अंग भरू लागलेल्या लेकराला जुनाच डोस चालू राहिला तर तो अपुरा पडतो.

या गोळ्यांमुळे मोठाच फरक पडला. तरी फळाच्या चवीमागे कडवटपणा उरतोच, आणि वाटीतले केशरी पाणी लेकरू दुसऱ्याच दिवशी ओळखते.

नाक का दाबायचे नाही

श्वासाची वाट आणि अन्नाची वाट घशात शेजारी शेजारी आहेत. लेकरू रडत असते, तेव्हा ते मध्येच जोराने श्वास आत ओढते. त्याच क्षणी तोंडात औषध असेल, तर ते पोटात न जाता श्वासनलिकेत जाऊ शकते. लेकरू गुदमरू शकते, किंवा औषध फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आडवे निजवून पाजले तर हा धोका वाढतो. जंताच्या गोळीच्या बाबतीतही हीच काळजी घेतात. 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी आणि 2 ते 3 वर्षांच्या बाळाला पूर्ण गोळी देतात, पण दोन्ही वेळा दोन चमच्यांमध्ये चुरून, पाण्यात मिसळून. अखंड गोळी रडत्या तोंडात कधीच टाकायची नाही.

म्हणून आमच्या सेविका पहिल्या भेटीत एकच नियम पक्का करतात: रडत्या लेकराच्या तोंडात काहीही घालायचे नाही. आधी शांत करायचे, मग पाजायचे.

पाजण्याची रीत

सेविका आईला जे दाखवतात, ते क्रमाने असे:

1. आधी ठरवा, पाजणार कोण. पहाटे आई शेतावर किंवा पाण्याला जाते आणि लेकरू सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. औषध त्या बहिणीवर सोपवायचे नाही. आई, आजी किंवा वडील, कोणीतरी एक मोठे माणूस ठरवा. एकच माणूस, एकच जागा, एकच वेळ. रोज तेच घडले की लेकराला ते सवयीचे होते.

2. औषध लेकराच्या नजरेआड तयार करा. गोळी सेविकेने दाखवलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि 10 मिनिटांच्या आत पाजा. पेलाभर पाणी घेऊ नका. अर्धे उरले की डोसही अर्धाच जातो. शेवटी वाटीत थोडे पाणी फिरवून तेही पाजा, कारण तळाशी औषध राहते.

3. लेकराला मांडीवर ताठ बसवा, पाठ आपल्या छातीला टेकवून. डोके मागे वाकवू नका. मिठी मारल्यासारखे धरा, जखडल्यासारखे नको.

4. सुई नसलेली सिरिंज किंवा ड्रॉपर असेल तर त्याचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडे थोडे सोडा, एका वेळी अर्धा ते एक मिली. गिळल्यावर पुढचे. घशात पिचकारी मारू नका. जिभेच्या मधोमध सांडण्यापेक्षा गालाच्या कडेने गेले की चव कमी लागते आणि थुंकणेही अवघड जाते. घरातले चमचे लहान-मोठे असतात, म्हणून माप सिरिंजनेच घ्या.

5. आधी एक घोट पाणी, नंतर गुळाचा लहानसा खडा पाण्यात विरघळवून दोन चमचे. अंगावर पिणारे बाळ असेल तर लगेच अंगावर घ्या. दिवसभर ज्याची चव जिभेवर राहील ते गोड असावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध मात्र देऊ नका, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

6. ‘औषध घेशील का?’ असे विचारू नका. उत्तर ‘नको’ असेच येणार. त्याऐवजी ‘आजीच्या मांडीवर घेतोस की माझ्या?’, ‘स्टीलची वाटी की लाल वाटी?’ असे विचारा. औषध घ्यायचे हे ठरलेलेच असते, पण वाटी लेकराने निवडलेली असते. तेवढी सत्ता त्याला पुष्कळ होते.

7. झाले की लगेच शाबासकी द्या. अर्धे घेतले तरी त्या अर्ध्याची शाबासकी द्या आणि उरलेले शांतपणे पाजा.

ही सारी रीत दोन मिनिटांत वाचून होते. पण ती आईच्या हातात बसायला तीन-चार सकाळी सेविकेला तिच्या चुलीशेजारी बसावे लागते. डब्यावरचे अक्षर मराठीत असो वा इंग्रजीत, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आईला त्याचा उपयोग नाही. तिला तिच्या बोलीत सांगणारे माणूस लागते, आणि एकदा तिच्या स्वतःच्या हातून औषध गेलेले तिला बघावे लागते.

चार गोष्टी टाळायच्या

पहिली: औषध लेकराच्या सगळ्या भाकरीत, पेजेत किंवा दुधाच्या बाटलीत मिसळू नये. पेज उरली तर किती औषध गेले ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे लेकराला पेजेचाच संशय येतो. आधीच वजन कमी असलेल्या मुलाने पेज नाकारली, तर औषधाने मिळवले ते पेजेने गमावले.

दुसरी: औषधाला ‘गोळी-चॉकलेट’ म्हणू नये. एखाद्या दिवशी लेकरू डबा शोधून काढील आणि सगळेच चॉकलेट खाईल. औषध झाकणाच्या डब्यात, उंच, लेकराच्या आणि शेळीच्या तोंडापासून दूर ठेवावे. सांगताना खरेच सांगावे: ‘हे कडू आहे, लगेच संपेल, मग गूळ.’ एकदा फसवलेले लेकरू दुसऱ्या दिवशी गुळालाही तोंड उघडत नाही.

तिसरी: ‘घेतलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचील’ अशी भीती घालू नये. त्या दिवशी कदाचित औषध जाईल, पण पुढच्या महिन्यात वजन करायला दवाखान्यात आणायचे असते, आणि तेव्हा लेकरू दारातूनच किंचाळू लागते.

चौथी: आज चुकले म्हणून उद्या दुप्पट देऊ नये. लेकराने औषध नाकारले तर थांबावे, दहा मिनिटे त्याला खेळू द्यावे, मग शांतपणे दुसरे औषध विरघळवण्याआधी सेविकेला किंवा आशाताईला विचारावे. उलटी झाली तरी स्वतः ठरवू नये. पाजल्यानंतर किती वेळाने उलटी झाली यावर तो डोस पुन्हा द्यायचा की नाही हे ठरते. तेवढी वेळ लक्षात ठेवून सांगावी.

आईला आधीच सांगून ठेवायची आणखी एक गोष्ट आहे. या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी, अश्रू आणि घाम केशरी-लालसर होतात. हे कोणी सांगितले नसेल, तर पहिल्याच दिवशी ‘लेकराला रक्त पडतंय’ म्हणून घाबरून औषध बंद होते. हा रंग निरुपद्रवी आहे. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा लेकरू गळून गेले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बरे वाटू लागते तेव्हा

सर्वांत अवघड काळ पहिला आठवडा नसतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. ताप गेलेला असतो, लेकरू खाऊ लागलेले असते, वजन वाढलेले असते. आता कशाला रोजची कटकट, असे घरच्यांना वाटते. इथे आमच्या सेविका सीरियाच्या नामान सेनापतीची गोष्ट सांगतात. अलीशा संदेष्ट्याने त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितले होते. त्याला ते आधी पटले नाही, राग आला, आपल्या देशातल्या नद्या काय वाईट आहेत असे वाटले. शेवटी चाकरांनी समजावले म्हणून तो उतरला. सहाव्या बुडीनंतर तो बाहेर आला असता तर? पाड्यावरच्या बायाबापड्यांना ही गोष्ट लगेच कळते, कारण नदी त्यांच्या ओळखीची आहे आणि अर्धवट सोडलेल्या कामाची किंमतही.

प्रार्थना करतो म्हणून औषध नको, असेही कधी कधी श्रद्धावान घरातून ऐकू येते. सेविका त्यांच्याशी वाद घालत नाहीत. त्या म्हणतात, लूक स्वतः वैद्य होता. आपण प्रार्थना करून मग गोळी विरघळवू. आणि तशी प्रार्थना त्या लेकराचा हात धरून करतातही.

मोजदाद दिसावी म्हणून पुष्कळ घरांत कुडाच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढतात. औषध झाले की लेकराने स्वतः एक रेघ ओढायची. दोन वर्षांच्या मुलाची रेघ ती काय असणार, नुसते ठिपके आणि फरकाटे. पण त्या फरकाट्यांसाठी लेकरू वाटीकडे येते, आणि आईला किती सकाळी झाल्या ते अक्षर न वाचता दिसते.

दिवाळीनंतर

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली कितीतरी घरे दिवाळीनंतर कुलूप लावून ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. होळीला जमेल तशी परततात. औषध चालू असलेले लेकरूही आईबरोबर ऊसाच्या फडावर जाते. तिथे पहाटे चारला उठायचे असते, चूल उघड्यावर असते आणि पाजणारे माणूस बदललेले असते.

म्हणून जाण्याआधी तीन गोष्टी करतात. निक्षय नोंदणीचा क्रमांक आणि उपचाराचे कार्ड आईजवळ देतात, कारण त्या नोंदीवर दुसऱ्या राज्यातल्या सरकारी दवाखान्यातही उपचार पुढे चालू राहू शकतो. शक्य तेवढ्या दिवसांचे औषध बरोबर बांधून देतात. आणि सेविका फोन करत राहते. अडचण आली तर निक्षयचा मोफत क्रमांक 1800-11-6666 कोणालाही फिरवता येतो. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 वरून 1000 रुपये झाली आहे. ती बँक खात्यात जमा होते, म्हणून खाते उघडून देणे हेही सेविकेचेच काम होऊन बसते.

आपण काय करू शकतो

औषधे सरकार मोफत देते. त्यासाठी आपल्या पैशांची गरज नाही. गरज आहे ती औषध लेकराच्या पोटात पोहोचवणाऱ्या लहान लहान गोष्टींची: सुई नसलेल्या सिरिंज, झाकणाचे डबे, मुलांचे वजनकाटे आणि सेविकांचा प्रवासखर्च. ज्या मंडळ्यांना शक्य असेल त्यांनी एका सेविकेचा तीन महिन्यांचा प्रवासखर्च उचलावा, ही विनंती.

सुरत, बारडोली, नवसारी या भागांत ज्यांचे नातलग किंवा ओळखीच्या मंडळ्या आहेत, त्यांनी आम्हाला कळवावे. फडावरच्या एका आईला आठवड्यातून एकदा भेटून ‘रेघा ओढताय ना?’ एवढे विचारणारे कोणी असले तरी उपचार तुटायचा वाचतो.

आणि प्रार्थना करा. सेविकांसाठी करा, कारण त्या पाचव्या चढावर दमतात. आयांसाठी करा, कारण कामावर जायची घाई असते आणि मांडीवर लेकरू तोंड घट्ट मिटून बसलेले असते. त्या घाईत नाक दाबणे सोपे असते, थांबणे अवघड असते. ते दहा मिनिटे थांबण्याचे बळ प्रभूने त्यांना रोज सकाळी द्यावे.